ज्या रोगाचा जंतू मायक्रोस्कोपलाही दिसला नाही, त्या बुळकांडीवर रॉबर्ट कॉखनं पित्ताची लस काढली होती..

अरुणावती नदीच्या काठावरचं आर्णी. यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. नागपूर-तुळजापूर रस्त्यावरून जाणाऱ्यांना ते कंबलपोष बाबांच्या उरुसामुळं ठाऊक असतं. आजूबाजूचा सगळा पट्टा कापसाचा. इथं पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकले जातात, पोळ्याला झूल चढते, पुरणपोळी भरवली जाते आणि दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा रंगतो.

पण २०२२ चा पोळा वेगळा होता. त्या पावसाळ्यात महाराष्ट्रात लंपी वाढत होता. जनावराला ताप, अंगभर गाठी, पायावर सूज, चारा बंद. पोळा झाला आणि काही दिवसांतच सरकारनं राज्यभरातले गुरांचे बाजार बंद केले, वाहतुकीवर निर्बंध आले आणि गावोगाव मोफत लसीकरण सुरू झालं.

गंमत म्हणजे ती लस लंपीची नव्हतीच. ती होती शेळ्यांना होणाऱ्या देवीच्या रोगावरची. दोन्ही विषाणू एकाच कुळातले, म्हणून एकाची लस दुसऱ्याला चालली.

लस असणं एक आणि ती गावातल्या प्रत्येक दावणीपर्यंत वेळेत पोहोचणं दुसरं. या दुसऱ्या गोष्टीत भल्याभल्यांचा घाम निघालाय. त्यातलंच एक मोठं नाव म्हणजे रॉबर्ट कॉख.

शाळेच्या पुस्तकात टीबीचा जंतू शोधणारा शास्त्रज्ञ म्हणून त्याचं नाव येतं. पण त्याची सुरुवात झाली मेंढ्या-गुरांच्या रोगापासून. आणि ज्या रोगानं त्याच्या मायक्रोस्कोपला चकवा दिला, तोही गुरांचाच होता.

खाणकामगारांच्या गावातला पोरगा

११ डिसेंबर १८४३ ला जर्मनीच्या हार्झ डोंगरातल्या क्लाउस्थाल गावात त्याचा जन्म झाला. गाव खाणींचं, वडील खाणीतले अधिकारी आणि घरात तब्बल तेरा भावंडं. पाचव्या वर्षी तो वर्तमानपत्रं बघून स्वतःच वाचायला शिकला, असं सांगितलं जातं.

त्याला खरं तर जग फिरायचं होतं. जहाजावर डॉक्टर व्हावं, दूरचे देश बघावेत, असं स्वप्न होतं. गॉटिंगेनच्या विद्यापीठात तो डॉक्टर झाला. तिथं याकोब हेन्ले नावाचे प्राध्यापक होते. साथीचे रोग जिवंत सूक्ष्मजीवांमुळं होतात, हे मत त्यांनी फार आधी मांडलं होतं. त्या काळात बहुतेक डॉक्टर रोगाचं खापर घाण हवेवर फोडायचे.

१८६७ मध्ये एमी फ्राट्झशी त्याचं लग्न झालं. तिला जहाज, समुद्र, परदेश यातलं काहीच नको होतं. स्वप्न बाजूला पडलं आणि १८७२ मध्ये कॉख वॉलस्टाइन नावाच्या छोट्या गावात सरकारी डॉक्टर म्हणून रुजू झाला. आज हे गाव पोलंडमध्ये आहे.

दिवसभर पेशंट, खेड्यापाड्यात फेऱ्या आणि रात्री घरातच पडदा लावून केलेली प्रयोगशाळा. सोबतीला एक मायक्रोस्कोप. तो बायकोनंच वाढदिवसाला भेट दिला होता, अशी गोष्ट सांगतात.

कुरणं शापित का होती?

त्या भागात शेतकऱ्यांना एका रोगानं बेजार केलं होतं. अँथ्रॅक्स. आपल्याकडं त्याला फाशी किंवा काळपुळी म्हणतात. सकाळी धडधाकट दिसणारं जनावर संध्याकाळी मरून पडायचं. काही कुरणं तर अशी होती की, तिथं वर्षानुवर्षं गुरं न नेता एकदा नेली तरी रोग उफाळायचा. शेतकरी त्या जमिनीला शापित समजायचे.

मेलेल्या जनावराच्या रक्तात काड्यांसारखे जंतू दिसतात, हे कॉखच्या आधीच काहींनी पाहिलं होतं. पण ते जंतूच रोगाचं कारण आहेत, हे सिद्ध झालं नव्हतं.

कॉखकडं ना सहकारी होते ना पैसा. इंजेक्शनऐवजी त्यानं लाकडाच्या बारीक काड्या तासल्या, त्या गरम करून निर्जंतुक केल्या, रोगी रक्तात बुडवल्या आणि उंदराच्या शेपटीजवळ चीर देऊन आत सरकवल्या. उंदीर मेला. त्याच्यापासून दुसऱ्याला, दुसऱ्यापासून तिसऱ्याला. प्रत्येक वेळी तोच रोग, तेच जंतू.

मग त्यानं बैलाच्या डोळ्यातलं पाणी घेतलं आणि त्यात हे जंतू वाढवले. तासन् तास मायक्रोस्कोपला डोळा लावून बसल्यावर त्याला दिसलं की, परिस्थिती बिघडली की हे जंतू बीजाणू तयार करतात. बीजाणू म्हणजे कवच घातलेलं बी. ते मातीत वर्षानुवर्षं टिकतं आणि जनावराच्या अंगात शिरलं की पुन्हा जागं होतं.

कुरण शापित नव्हतं. तिथं गाडलेल्या जनावरांच्या अंगातून बीजाणू मातीत उतरलेले होते.

१८७६ च्या वसंतात आपलं सामान घेऊन तो ब्रेस्लाऊला गेला आणि फर्डिनंड कोहन या नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञासमोर प्रयोग करून दाखवले. एका विशिष्ट जंतूमुळं एक विशिष्ट रोग होतो, हे इतक्या स्वच्छपणे पहिल्यांदाच दाखवलं गेलं होतं. आणि दाखवणारा होता खेड्यातला डॉक्टर.

बर्लिन, टीबी आणि कलकत्ता

१८८० मध्ये बर्लिनच्या सरकारी आरोग्य कार्यालयात त्याला बोलावणं आलं. तिथं त्यानं जंतू वेगवेगळे करून वाढवायची पद्धत बसवली. आधी उकडलेल्या बटाट्याच्या फोडीवर, मग जिलेटिनवर आणि शेवटी अगारवर. त्याच्या हाताखालच्या डॉक्टरची बायको फॅनी हेस हिनं स्वयंपाकातलं अगार सुचवलं. पुढं युलिउस पेट्री या सहायकानं काचेची झाकणाची बशी काढली. आज जगातल्या प्रत्येक लॅबमध्ये पेट्री डिश सापडते.

२४ मार्च १८८२. कॉखनं टीबीचा जंतू शोधल्याचं जाहीर केलं. तो दिवस आज जागतिक क्षयरोग दिन म्हणून पाळला जातो.

पुढच्याच वर्षी तो कॉलऱ्याच्या मागावर इजिप्तला आणि तिथून कलकत्त्याला पोहोचला. कलकत्त्यात त्यानं कॉलऱ्याचा जंतू वेगळा केला आणि पिण्याच्या तळ्यांमध्येही तो दाखवून दिला. जहाजाचं राहिलेलं स्वप्न अखेर पूर्ण होत होतं.

मग आली १८९० ची आपटी. टीबीवर औषध सापडल्याचं त्यानं सूचित केलं. नाव ट्युबरक्युलिन. जगभरातून पेशंट बर्लिनला धावले. औषध चाललं नाही, काहींचा आजार बळावला, काही दगावले. औषधात काय आहे हे त्यानं सुरुवातीला गुप्त ठेवलं होतं, त्यामुळं टीका जास्तच झाली. पुढं ट्युबरक्युलिन टीबी ओळखण्याच्या चाचणीसाठी उपयोगी पडलं, पण तेव्हा मात्र त्याची पत गेली.

त्यातच घर मोडलं. १८९३ मध्ये एमीपासून घटस्फोट झाला आणि त्याच वर्षी त्यानं हेडविग फ्रायबर्गशी लग्न केलं. ती त्याच्याहून जवळपास २९ वर्षांनी लहान होती. बर्लिनमध्ये या लग्नाची भरपूर कुजबुज झाली.

अशा वेळी दूर देशातून बोलावणं आलं. कारण होतं गुरांचा रोग.

बुळकांडी

रिंडरपेस्ट. मराठीत बुळकांडी. जनावराला जोराचा ताप, तोंडात फोड, डोळ्या-नाकातून पाणी आणि मग थांबता न थांबणारी हगवण. आठ-दहा दिवसांत खेळ खल्लास. ज्या मुलखात रोग पहिल्यांदा शिरायचा, तिथं शंभरातली ऐंशी-नव्वद गुरं मरायची.

आफ्रिकेत हा रोग १८८७ च्या सुमारास शिरला. इटलीच्या सैन्यासाठी इरिट्रियात आणलेल्या गुरांबरोबर तो आला आणि ती गुरं भारतातून गेली होती, असं मानलं जातं. इथिओपियात नांगराला बैल उरला नाही. त्यातून पडलेल्या दुष्काळात देशातली एक तृतीयांश माणसं गेली असावीत, असा अंदाज आहे.

१८९६ मध्ये रोगानं झांबेझी नदी ओलांडली आणि तो दक्षिण आफ्रिकेत घुसला. रेल्वे सगळीकडं नव्हती, मालवाहतूक बैलगाड्यांवर चालायची. ती ठप्प झाली. सरकारनं तारेची लांबलचक कुंपणं घातली, रोगी कळपांना गोळ्या घालायला सुरुवात केली. ज्यांचं सगळं धन म्हणजे गुरं, त्या आफ्रिकी लोकांना सरकार आपले कळप संपवायलाच निघालंय असं वाटलं. बेचुआनालँडमध्ये तर त्यातूनच बंड पेटलं.

केप सरकारनं कॉखला बोलावलं. डिसेंबर १८९६ मध्ये हेडविगला सोबत घेऊन तो किंबर्ली या हिऱ्यांच्या खाणींच्या गावात पोहोचला आणि कामाला लागला.

पहिलं काम नेहमीचंच. जंतू शोधा.

त्यानं रक्त तपासलं, लाळ तपासली, आतडी तपासली. काहीच सापडेना. रोगी रक्ताचा थेंब टोचला की निरोगी जनावर मरत होतं, म्हणजे रोगाचं बीज रक्तात होतं. पण मायक्रोस्कोपखाली दिसत नव्हतं. जंतू दाखव, वाढव, पुन्हा रोग करून दाखव, हा नियम ज्यानं जगाला शिकवला, त्याचाच नियम इथं अडला.

कारण बुळकांडीचा विषाणू साध्या मायक्रोस्कोपला दिसण्याइतका मोठा नसतोच. विषाणू ही कल्पनाच तेव्हा नीट जन्मली नव्हती.

दुसरा कुणी जंतू सापडेपर्यंत थांबला असता. बाहेर रोज गुरं मरत होती, त्यामुळं कॉखनं शोध बाजूला ठेवला आणि एकच प्रश्न हातात घेतला. कारण कळो न कळो, जनावर वाचवता येईल का?

त्यानं वेगवेगळे पदार्थ टोचून पाहिले आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये उत्तर दिलं. बुळकांडीनं मेलेल्या जनावराचं पित्त घ्यायचं आणि निरोगी जनावराच्या कातडीखाली १० घनसेंटिमीटर टोचायचं. टोचल्या जागी गाठ यायची, पण रोग व्हायचा नाही. साधारण दहा दिवसांत ते जनावर बुळकांडीला दाद देईनासं व्हायचं.

पित्त पुरणार कुठून?

पद्धत साधी होती. शेतकऱ्यालाही जमेल अशी. पण गोठ्यापर्यंत जाताना तिच्या अडचणी दिसायला लागल्या.

पित्त मिळवायचं तर जनावर आधी रोगानं मरायला हवं. एका पित्ताशयातून निघणार मोजके डोस. उन्हाळ्यात पित्त लवकर नासायचं. प्रत्येक जनावराच्या पित्ताची ताकद सारखी नसायची. कधी टोचण्यातूनच रोग व्हायचा. आणि मिळालेलं संरक्षण काही महिन्यांतच ओसरायचं. त्यात ज्यांच्या कळपांना गोळ्या घातल्या होत्या, त्यांनी सरकारी माणसाच्या हातातल्या सुईवर विश्वास का ठेवावा, हाही प्रश्न होताच.

कॉख स्वतः हे निस्तरायला थांबला नाही. मुंबईत प्लेग पेटला होता आणि जर्मन सरकारनं त्याला तिकडं जायला सांगितलं. मार्च १८९७ मध्ये काम सहकाऱ्यांवर सोपवून तो निघाला. मागं राहिलेल्या टर्नर आणि कोले यांनी पुढची पायरी गाठली. रोगातून वाचलेल्या जनावराच्या रक्तातला सीरम एका बाजूला आणि रोगी रक्त दुसऱ्या बाजूला, असं एकाच वेळी टोचायचं. रोग सौम्य व्हायचा आणि संरक्षण दीर्घकाळ टिकायचं.

मुंबई, पुणे आणि मुक्तेश्वर

१८९७ च्या उन्हाळ्यात कॉख मुंबईत होता. त्याच वर्षी १० जानेवारीला ग्रँट मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत वाल्डेमार हाफकिननं प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. जर्मन प्लेग कमिशन मुंबईत प्लेगचा अभ्यास करत होतं आणि कॉख त्यात सामील झाला.

पण भारत सरकारला त्याच्याकडून आणखी एक सल्ला हवा होता. बुळकांडीचा.

भारतात हा रोग जुनाच. गुरांच्या साथींची चौकशी करणाऱ्या आयोगानं १८७१ मध्ये अहवाल दिला होता. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, ९ डिसेंबर १८८९ ला, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. प्रमुख होते डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड. पण गजबजलेल्या शहरात इतके संसर्गजन्य रोग हाताळणं धोक्याचं होतं आणि हवाही मानवणारी नव्हती. म्हणून १८९३ मध्ये लॅब उचलून कुमाऊँच्या डोंगरात, मुक्तेश्वरला नेली.

पुण्याहून निघालेल्या त्या लॅबला १८९७ मध्ये कॉख, गाफ्की आणि फायफर या तिघांनी भेट दिली. बुळकांडीविरोधी सीरमवर काम करावं, असं त्यांनी सुचवलं. १८९९ मध्ये लॅबला मोठी आग लागली, तरी त्याच वर्षी सीरम तयार व्हायला लागला. हीच लॅब म्हणजे आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था, आयव्हीआरआय. आता तिचं मुख्यालय बरेलीजवळ इज्जतनगरला आहे.

शेवटची वर्षं

१८९८ मध्ये कॉखचाच शिष्य फ्रिडरिश लोफलर आणि त्याचा सहकारी पॉल फ्रॉश यांनी लाळ्या खुरकूत रोगाचं बीज बारीक गाळणीतूनही पार होतं, हे दाखवलं. प्राण्यांचा हा पहिला ओळखलेला विषाणू. १९०२ मध्ये बुळकांडीचं बीजही गाळणीतून जातं, हे कॉन्स्टँटिनोपलमध्ये सिद्ध झालं. किंबर्लीत कॉखला जे दिसत नव्हतं, त्याचं कोडं असं सुटलं.

कॉखच्या चुका मात्र थांबल्या नाहीत. गायीचा टीबी माणसाला फारसा धोक्याचा नाही, असं त्यानं १९०१ मध्ये लंडनमध्ये ठासून सांगितलं आणि ते खोटं ठरलं. १९०३ मध्ये तो पुन्हा आफ्रिकेत, बुलावायोला गेला. गोचिडांमुळं पसरणाऱ्या गुरांच्या तापावर त्यानं सुचवलेली टोचणी फसली. १९०६-०७ मध्ये निद्रारोगासाठी त्यानं पूर्व आफ्रिकेत लोकांना अॅटॉक्सिल हे आर्सेनिकयुक्त औषध दिलं, त्यात काहींची दृष्टी गेली. वसाहतीतल्या माणसांवर केलेल्या या प्रयोगांबद्दल आज त्याच्यावर कडक टीका होते.

मधल्या काळात, १९०५ मध्ये, टीबीवरच्या कामासाठी त्याला नोबेल मिळालं होतं. २७ मे १९१० ला बाडेन-बाडेनमध्ये वयाच्या ६६ व्या वर्षी तो गेला. त्याच्या अस्थी बर्लिनमधल्या त्याच्याच संस्थेत ठेवल्या आहेत.

बुळकांडी संपली कशी?

१९२० च्या दशकात मुक्तेश्वरलाच जे. टी. एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू शेळ्यांमध्ये पुन्हा पुन्हा वाढवला. शेळ्यांमधून फिरून फिरून तो इतका मवाळ झाला की, गुरांना टोचल्यावर रोग नाही, फक्त संरक्षण मिळायचं. आता रोगी जनावराच्या पित्ताची गरज उरली नव्हती आणि सीरमचीही. लस स्वस्त झाली, भरपूर बनायला लागली.

१९५४ मध्ये भारतानं बुळकांडी निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. पुढं वॉल्टर प्लोराइट यांनी केनियात पेशींवर वाढवलेली आणखी सुरक्षित लस आणली. भारतात शेवटची नोंद १९९५ ची. २०११ मध्ये जगातून बुळकांडी संपल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसानं कायमचा संपवलेला हा दुसरा विषाणूजन्य रोग.

म्हणजे पित्ताच्या टोचणीपासून रोगाच्या अंतापर्यंत ११४ वर्षं लागली. त्यातली बरीचशी लस टिकाऊ, स्वस्त आणि भरवशाची करून गोठ्यापर्यंत नेण्यात गेली.

आता पुढची सुई

आज संशोधक डीएनए लशींच्या मागं आहेत. यात रोगाचा विषाणू टोचायचाच नाही. त्याच्या फक्त एका प्रथिनाची कृती लिहिलेला डीएनएचा छोटा गोल टोचायचा. जनावराच्या पेशी ती कृती वाचून प्रथिन स्वतःच बनवतात आणि शरीर त्याच्याविरुद्ध तयार होतं. लशीतून रोग होण्याची भीती नाही आणि डीएनए उष्णताही बऱ्यापैकी सोसतो. नेहमीच्या लसी २ ते ८ अंशांत सांभाळाव्या लागतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडं सरकतो त्या यवतमाळ जिल्ह्यात बर्फाच्या डब्यातून लस नेणाऱ्याला याचं मोल लगेच कळेल.

अडचण कुठं आहे? पुन्हा पोहोचवण्यातच. पेशीबाहेर पडलेला डीएनए काही कामाचा नाही, तो पेशीच्या आत शिरावा लागतो. उंदरात साध्या सुईनं जमतं. चार-पाचशे किलोच्या बैलात त्याच सुईनं फार थोडा डीएनए पेशींत शिरतो. म्हणून सोन्याच्या सूक्ष्म कणांवर डीएनए चढवून तो कातडीत झाडणारी जीन गन, विजेचा हलका झटका देऊन पेशींची दारं क्षणभर उघडणारं यंत्र, सुईशिवाय जोरदार फवाऱ्यानं टोचणारी उपकरणं, असे उपाय तपासले जात आहेत. पण गोठ्यात लाथा झाडणाऱ्या गोऱ्ह्यावर विजेचं यंत्र चालवणं सोपं नाही.

तरी रस्ता बंद नाही. २००५ मध्ये अमेरिकेत घोड्यांसाठी वेस्ट नाईल तापाची आणि कॅनडात सामन माशांसाठी अशा डीएनए लशींना परवानगी मिळाली. २०२१ मध्ये भारतात झायकोव्ह-डी ही माणसांसाठीची डीएनए लस मंजूर झाली आणि ती सुईशिवाय, फवाऱ्याच्या उपकरणानं दिली गेली.

आपल्या गायीबैलांना मात्र आजही लंपी आणि लाळ्या खुरकूतसाठी नेहमीच्या पद्धतीच्याच लसी टोचल्या जातात. त्यांचा डबा थंड राहिला, डोस वेळेत आला आणि गावातलं प्रत्येक जनावर दावणीला हजर राहिलं, तर त्या पुरेसं काम करतात. बुळकांडी अशाच लशीनं संपली होती.